न सोललेला वाल

अठ्ठावन्न सालच्या माघातली गोष्ट. शनिवार असल्यामुळे शाळा सकाळचीच होती. दुपारी जेवून जया कापडी पिशवी घेऊन ठाण्याला, नौपाड्यात निघाली. काम अगदी साधं होतं. मथुराबाई कर्णिकांच्या भावाकडून त्यांचा एक फोटो आणायचा. संध्याकाळी डोंबिवलीच्या शाळेत बाईंची पहिली पुण्यतिथी होती, आणि हार घालायला फोटोच नाही म्हणून हेडमास्तर पाटणकर सर सकाळपासून येरझारा घालत होते.

भावाने कपाट उपसलं, ट्रंक उपसली, देवघरातल्या फळीवरसुद्धा हात फिरवला.

"अहो, मथूला फोटोचं भारी वावडं," ते घाम पुसत म्हणाले. "कॅमेरा समोर आला की ही पाठ फिरवायची. हा एवढा एक आहे, आमच्या धाकटीच्या लग्नातला. पण चालेल का, बघा."

जयाने फोटो हातात घेतला आणि तिला हसू आवरेना. सगळं वऱ्हाड पुढे बघतंय, आणि कडेला एक बाई चक्क पाठमोरी. नऊवारीचा नीट घेतलेला पदर, मानेवर टपोरा अंबाडा आणि त्यावर सुरंगीच्या फुलांचा वळेसर. चेहऱ्याचा पत्ता नाही.

"चालेल हो," जया म्हणाली. "न चालायला काय झालं? आम्ही सगळे बाईंना पाठीवरूनच ओळखतो."

भावाला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण ती अगदी खरं बोलत होती.

जयाने फोटो पिशवीत जपून ठेवला. पिशवीच्या तळाशी ओल्या फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी आधीच होती. तिला धक्का लागू नये म्हणून फोटो तिने जरा तिरका सरकवला. पुरचुंडीत काय होतं ते जया कुणालाही सांगणार नव्हती. ते तिचं आणि बाईंचं गुपित होतं.

आता या मथुराबाई कोण, ते सांगायला हवं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. मुंबईच्या बड्या शाळेत मुलांचं मन जाणणारा माणूस ठेवतात, मग डोंबिवलीने काय घोडं मारलंय? तेव्हाची डोंबिवली ती केवढी! स्टेशन, त्याच्या अवतीभवती चार आळ्या, विहिरी, आणि पलीकडे भातखाचरं. तिथे मानसशास्त्र शिकलेली, एम. ए. झालेली, पांढऱ्या पातळातली, विधवा असूनही अंबाड्यावर सुरंगी माळणारी ही बाई रोज ठाण्याहून येऊ लागली. खोलीवर पाटी लागली, 'मानसशास्त्र विभाग'. झालं! आईबाप खवळले. "आमची कार्टी वात्रट असतील, वेडी नाहीत," असं सांगून गेले. महिनाभर त्या खोलीकडे चिटपाखरू फिरकलं नाही.

पाटी वाचता येत नव्हती ती एकट्या धाकू शिपायाला. आणि तो विभाग वाचवला तोही त्यानेच म्हणायचा. कुणी विचारलं, ही कसली खोली, तर तो बिनदिक्कत सांगायचा, "ती होय? ती बाईंची वाल सोलायची खोली."

कारण आत तेच चालायचं. बाई कायस्थाच्या घरच्या, त्यांना बिरड्यावाचून करमायचं नाही. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकायचे, आणि मग बोटांच्या चिमटीत धरून एकेक सोलायचा. टिच् आवाज होतो, साल हातात राहते आणि डाळिंबी वाटीत पडते. हे काम म्हणजे वेळखाऊ. बाईंनी त्यालाच कामाला लावलं. ज्या मुलाचं काही बिनसलंय त्याला बोलवायचं आणि म्हणायचं, "अरे, घरी पाहुणे येणार आहेत. जरा हात लावतोस का?" दोन पाट मांडायचे, पाठीला पाठ लागेल असे. एकावर मूल, एकावर बाई, मध्ये कडेला वाटी. बाई काही म्हणजे काही विचारायच्या नाहीत. मूल आपणहून बोलायला लागलं की मागून एवढंच यायचं, "हं... मग?"

त्या 'मग'वर पोरं जीव ओवाळून टाकत.

जया तिथे गेली तेव्हा बारा वर्षांची होती. डावरी होती. घरात आजीने तिचा डावा हात चिंधीने कमरेशी बांधून ठेवायची रीत पाडलेली. हात सुधारला, पण जीभ अडखळायला लागली. 'प' म्हणायचा तर घामाघूम व्हायची. पाटावर बसून तिने उजव्या हाताने वाल धरला आणि तो सुळकन निसटून कोपऱ्यात गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला तिला रडू फुटलं.

"ज्या हाताने येतं त्याने सोल ना गं," मागून आवाज आला. "मला कुठे दिसतंय?"

त्या दिवसापासून जया डाव्या हाताने वाल सोलायला लागली आणि हळूहळू तिची जीभही सुटली. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला बजावलं होतं, "हे आपल्या दोघींतच हं." आणखी एक गंमत. सगळे वाल सोलून झाले तरी बाई वाटीच्या तळाशी एक वाल तसाच ठेवायच्या. "का हो बाई?" "बोलणं बाकी आहे ना अजून, म्हणून." ज्या दिवशी मुलाचं बोलणं खरंच संपेल त्या दिवशी तो वाल त्याने सोलायचा.

जयाचा तो दिवस आलाच नाही. ती मॅट्रिक झाली, ट्रेनिंगला गेली, शिक्षिका होऊन याच शाळेत आली, पण जगासमोर मात्र खडू उजव्याच हातात धरत राहिली. बाई बघायच्या आणि गालात हसायच्या. आणि मग गेल्या माघात नौपाड्याच्या घरी बाई दुपारच्या जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. पाटणकर सरांनी त्यांची खोली जयाच्या गळ्यात घातली. "दुसरं कुणी मिळेपर्यंत तुम्हीच बसा. तुम्ही त्यांच्या लाडक्या."

लाडकी खरी, पण जमत नव्हतं. जयाने टेबल आणलं, समोर खुर्ची मांडली, बाईंच्या कपाटातली चित्रं आणि ठोकळे काढले. मुलं समोर बसायची आणि ठोकळ्यांचे बंगले बांधून निघून जायची. वाल सोलायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. ते गुपित होतं ना! दोघींतलं.

आणि या सगळ्यात तिला रात्रंदिवस टोचत होती ती सगुणा.

सगुणा आठ वर्षांची. कोपरच्या खाडीकाठच्या गोपीनाथची एकुलती एक. गोपीनाथचं स्वतःचं मिठागर होतं, घरी खाऊनपिऊन सुखी. बायको बाळंतपणात गेली, पोरीला वाढवलं ते हौसाबाईने, म्हणजे त्याच्या आईने. गेल्या शिमग्यात हौसाबाई दुपारी झोपेतच गेली आणि त्या दिवसापासून पोर मुकी झाली. रडली नाही की हाक मारली नाही. डॉक्टरने घसा तपासला, सगळं ठाकठीक. जूनमध्ये गोपीनाथने तिला शाळेत घातलं, चार पोरांत बोलायला लागेल म्हणून. पोर वर्गात येई, पाटीवर सुरेख अक्षर काढी आणि ओठ मिटून घरी जाई. मथुराबाईंना तिने कधी पाहिलंही नव्हतं. त्या आधीच गेल्या होत्या.

शुक्रवारी गोपीनाथ शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. डोक्यावरचा रुमाल काढून हातात पिळत होता.

"बाई, आता लय झालं. माझी आत्या बोलते, भगताकडं न्या. मानंवर डाग दिला तं पोरगी बोलंल. ऐतवारी नेतंय."

"डाग? तापल्या सळीचा?" जया ओरडलीच. "अहो, एवढीशी पोर..."

"मना काय हौस हाय?" गोपीनाथचा आवाज चिरकला. "पन मी करू तं काय? तुमीच सांगा. तुमच्याकडं बी आठ म्हयने बसली नं ती!"

जयाने हात जोडून एवढंच मागितलं, की शनिवारी संध्याकाळी शाळेत सभा आहे, तिथे सगुणाला घेऊन या, मला एक शेवटची संधी द्या. तो हो म्हणाला. ती संधी घेऊन करायचं काय, हे मात्र जयाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी शाळेचा मोठा वर्ग भरून गेला. ठाण्याहून, कल्याणहून, कुठून कुठून बाईंची जुनी पोरं आली होती. कुणी मिशा फुटलेले, कुणी कडेवर मूल घेतलेल्या. समोर टेबलावर पाठमोऱ्या बाई. फोटो बघून पाटणकर सरांनी कपाळाला हात लावला, पण मुलं एवढी खूश झाली की विचारू नका. "बाईच! अगदी बाईच!" असं म्हणून सगळे खिदळले. शोकसभा असली तरी शोक कुणाला सुचतच नव्हता.

सरांनी घसा खाकरून भाषणाला सुरुवात केली. "कै. मथुराबाई म्हणजे आपल्या संस्थेचं..." इथवर आले असतील नसतील, एवढ्यात मागून तानाजी उठला. हा कल्याणला रेल्वेत फिटर, अंगाने दारात मावायचा नाही असा. एके काळी म्हणे रोज अंथरूण ओलं करायचा, आणि आता त्याला बघून इंजिन थांबावं. हार घालायला म्हणून तो पुढे आला, फोटोला हात जोडले, आणि चोरून खिशातली ओल्या फडक्याची पुरचुंडी काढून हळूच फोटोपुढे ठेवली.

"तान्या!" दुसऱ्या रांगेतला सुधीर ताडकन उठला. "त्यात काय आहे?"

"काय नाय. तुला काय करायचंय?"

"वाल आहेत ना? मोडाचे?"

तानाजीचा चेहरा कसनुसा झाला. "तुला कसं माहीत? ते माझं आणि बाईंचं... त्या म्हणालेल्या, आपल्या दोघांतच..."

सुधीरने आपल्या ऑफिसच्या बॅगेतून पुरचुंडी काढली.

मग जी धमाल उडाली तिला तोड नाही. "अगं, तू पण?" "अरे, मला वाटलं मी एकटीच!" पिशव्यांतून, डब्यांतून, पदराच्या गाठींतून पुरचुंड्या बाहेर यायला लागल्या. प्रत्येकाने दोन दिवस आधी घरच्यांपासून लपवून वाल भिजवलेले, प्रत्येकाला वाटलेलं की बाईंची आठवण आपल्याएवढी खाजगी कुणाचीच नाही. टेबलावर ढीग झाला. पाठमोऱ्या बाई त्याच्या मागे दिसेनाशा झाल्या. आणि सगळे हसून हसून थकले तेव्हा पाटणकर सर घाईघाईने उपरण्याखाली काहीतरी लपवताना दिसले.

"सर! तुम्ही?"

"ते... संस्थेच्या निवडणुकीच्या वेळी मन जरा अस्वस्थ होतं," सर पुटपुटले आणि त्यांनी आपली पुरचुंडी ढिगावर ठेवली. त्या दिवशी वर्गाचं छप्पर कसं राहिलं देव जाणे.

जया मात्र आपली पुरचुंडी ढिगावर ठेवता ठेवता एकदम हसायची थांबली. तिने स्वतःच्याच कपाळावर चापट मारली. आपण ज्याला गुपित म्हणून पदराला बांधून बसलो, ते बाईंचं औषध होतं. सगळ्यांना दिलेलं! आणि आपण आठ महिने एका लेकराला ठोकळे दाखवत बसलो.

"आता ह्ये टाकायचं का?" धाकूने ढिगाकडे बघत विचारलं. "मोड आल्यालं धान्य हाय. पाणी तापवतो. सोला समदी. आमची रखमा बिरडं टाकंल."

सरांचं भाषण तिथेच मिटलं. चुलीवर पाणी तापलं, पराती आल्या, आणि सगळी सभा पाठीला पाठ लावून जमिनीवर बसली. तानाजी आणि सुधीर एकमेकांना टेकले. वर्गभर टिच्-टिच् आवाज सुरू झाला आणि त्याच्या वरताण बोलणी.

जयाने एक ताटली भरून घेतली, वाटी घेतली आणि सगुणाचा हात धरला. "चल, मला जरा मदत करतेस?"

बाईंची खोली मागच्या अंगाला, व्हरांड्याच्या टोकाला होती. तिथे वीज नव्हती. जयाने टेबल भिंतीला सरकवलं, कपाटामागचे दोन्ही पाट काढले, पुसले, पाठीला पाठ लागेल असे मांडले. सगुणा बसली. जया तिच्याकडे पाठ करून बसली. तिच्या पाठीला पोरीची हाडकुळी पाठ लागली, चिमणीएवढी धडधडत होती.

दोघी वाल सोलू लागल्या. बाहेर सांज उतरत होती. सगुणाचे हात सराईत होते, आजीने शिकवलं असणार. जयाने काही विचारलं नाही. वाट बघत राहिली. टिच्... टिच्... ताटलीतले वाल कमी होत गेले, खोलीत अंधारून आलं, पोरीच्या तोंडून हूं की चूं नाही. उद्या या मानेवर डाग बसणार. बाई असत्या तर... पण बाई नव्हत्या, आणि नुसते पाट मांडून कुणी बाई होत नसतं.

"मी कंदील घेऊन येते हं," ती अखेर उठत म्हणाली. "दिसेनासं झालंय. घाबरशील?"

सगुणाने मान हलवली. नाही.

कंदील मिळायला वेळ गेला. काच काळी होती, वात कातरायची होती, त्यात मोठ्या वर्गात तिला दोघातिघांनी धरलं. ती परत व्हरांड्यात आली तेव्हा काळोख पडला होता. गोपीनाथ खांबाला टेकून बसला होता, सभा संपायची वाट बघत. तो तिच्यामागे निघाला.

अर्ध्या वाटेवर जया थबकली.

सुरंगीचा वास येत होता. दाट, गोड. आवारात सुरंगीचं झाड नव्हतं. आज आलेल्या कुणाच्या डोक्यातही नव्हती.

आणि खोलीतून आवाज येत होता... टिच्. मग जरा थांबून, सावकाश, दुसरा... टिच्. एक हात घाईचा आणि एक निवांत. जया आयुष्यभर वाल सोलत आलेली. एक माणूस सोलतंय की दोन, हे तिला कानाने कळत होतं.

मग बोलणं ऐकू आलं. बारीक, घोगरं, न वापरलेल्या घशातून निघणारं.

"...नं मग मी तितंच बसलंय. उंबऱ्यात..."

"माझी पोर..." गोपीनाथ नुसत्या ओठांनी म्हणाला. जयाने त्याला हाताने थोपवलं.

"...नं मग समदी रडाया लागली..." आवाज थांबला. मध्ये शांतता गेली, जेवढ्यात कुणीतरी एखादा शब्द बोलावा तेवढी. आणि पोर पुढे बोलू लागली, "मग मना कोनी उचाललं, नं काकूच्या घरी..."

जयाने दाराच्या फटीतून कंदील वर धरला.

सगुणा पाटावर बसली होती. मांडीत ताटली. आणि ती मागे रेलली होती, चांगली अंग टाकून, डोकं मागे सोडून. मागच्या पाटावर कुणी नव्हतं. पोर ज्या कोनात रेलली होती त्या कोनात माणूस बसूच शकत नाही, धाडकन मागे पडेल. ती पडत नव्हती. तिच्या डोक्याच्या मागे केस जरा चपटे झाले होते, उशीवर होतात तसे.

पोरीच्या बापाला आता राहवलं नाही. "सगू!" अशी हाक मारून त्याने दार ढकललं.

सगुणा दचकली नाही. ती हळूहळू सरळ झाली, आपण ज्याला टेकलोय ते माणूस जपून उठलं तर होतो तसं. आणि वळून बापाला म्हणाली, "दादा, भूक लागली."

गोपीनाथ मटकन खाली बसला आणि पोरीला छातीशी धरून एवढा मोठा बाप्या हमसाहमशी रडला. जयालाही रडू आलं. पण तिचे डोळे दुसऱ्या पाटावरून हलत नव्हते.

"सगुणा," तिने हलकेच विचारलं, "इतके दिवस का गं बोलली नाहीस?"

"आजी बोलली व्हती." पोर अगदी सरळ सांगत होती. "मी निजतंय, मी उठंपरत आवाज करू नको. नं आजी उठलीच नाय. मग कोनी मना सांगलंच नाय, आता बोल म्हनून."

कुणाच्या लक्षात आलं असतं हे? ना डॉक्टरच्या, ना भगताच्या, ना जयाच्या. पोर आजीचा शब्द पाळत होती. आणि तो शब्द परत घेऊ शकणारं माणूस या जगात उरलंच नव्हतं.

"मग... आज कुणी सांगितलं?"

"त्या बाईनी. बोलल्या, मी तुझ्या आजीकडनं आलंय. आजीची झोप झाली, उठली ती. आता खुशाल बोल."

"कोण बाई, सगू?" गोपीनाथने डोळे पुसत इकडेतिकडे पाहिलं. "कशी व्हती दिसायला?"

"मना कुटं दिसतंय?" सगुणा म्हणाली. "पाठ व्हती नं."

जयाने कंदील टेबलावर ठेवला. वाटी डाळिंब्यांनी काठोकाठ भरली होती, एवढ्या वेळात एका लहान पोरीच्या हातून होणार नाहीत इतक्या.

"सगळे सोललेस?" काहीतरी बोलायचं म्हणून जया म्हणाली.

"येक ऱ्हायलाय. तळाला हाय." सगुणा बापाच्या कडेवर चढत होती. "मी सोलत व्हतंय, तं बाई बोलल्या, त्यो ठेव. त्यो जयाचा हाय. नं इचारत व्हत्या, ती अजून उजव्या हातानीच लिवते कं?"

त्या संध्याकाळी शाळेत जो आनंद झाला तो सांगून कळायचा नाही. सगुणा बोलायला लागली ती थांबेचना. वर्षभराचं साठलेलं बोलणं! मिठागरातले बगळे, आजीची कोंबडी, वर्गातला कोण कुणाची पेन्सिल चोरतो, सगळं. तानाजीच्या खांद्यावर बसून तिने फोटो पाहिला आणि बोट दाखवलं, "हीच ती बाई." ज्यांना समजलं त्यांच्यातल्या कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि सगळा वर्ग उठून उभा राहून त्या पाठमोऱ्या फोटोसाठी टाळ्या वाजवू लागला. पाटणकर सरांनी तर उपरण्याने नाक पुसलं. रखमाबाईने नारळाच्या रसातलं बिरडं केलं, ऊन भात केला, पंगत बसली. गोपीनाथ स्वतः वाढायला उठला आणि ज्याच्या त्याच्या पानात नको नको म्हणत असताना वाढत सुटला. भगताचं नाव पुन्हा निघालं नाही.

सगुणाने निघताना जयाच्या कानाला तोंड लावलं. "तू सोलला कं त्यो?"

"नाही अजून."

"सोल. त्या बसल्यात."

मंडळी पांगायला लागली. आवारात हसणं चालूच होतं, धाकू भांडी घासत होता. जया व्हरांड्याच्या टोकाला गेली. भीती वाटत होती हो, का नाही वाटणार? पण पोटात भीती आणि छातीत आनंद, असं दोन्ही एकदम होतं, आणि पाय मागे वळत नव्हते.

डाळिंब्या मघाशीच रखमाबाईने नेल्या होत्या. रिकाम्या वाटीच्या तळाशी एकच वाल उरला होता, सालासकट. ताटली रिकामी. सालंसुद्धा धाकूने झाडून नेलेली. खोलीत दुसरा वाल औषधालाही नव्हता.

जया पाटावर बसली. मागे वळून पाहिलं नाही, तशी रीतच नव्हती. तिने वाल डाव्या हातात घेतला.

"बाई," ती म्हणाली. आवाज जरासा अडखळला, लहानपणी अडखळायचा तसा. "सोमवारी मी फळ्यावर या हाताने लिहिणार. सगळ्या वर्गासमोर. आजी काय म्हणेल ते म्हणो. एवढंच राहिलं होतं... झालं माझं बोलणं."

बोटांनी दाबला. टिच्. डाळिंबी वाटीत पडली.

पाठीला ऊब लागली. सुरंगीचा वास दाटून आला. आणि मागून, अगदी निवांतपणे, आणखी एक आवाज आला.

टिच्.

वाटीत दुसरी डाळिंबी पडली.

"हं..." कुणीतरी म्हणालं. "मग?"